सोयरिकीचं पत्र आणि पाण्याच्या खेपा

माझ्या मुलीला ते स्थळ सांगून आलं पत्रानं. पत्र दोन पानी होतं. लिहिणारे गृहस्थ आमच्या सगळ्या सोयऱ्यांत मामा म्हणून ओळखले जात. पोटाला शेती करत, पण जीव सोयरिकी जुळवण्यात. आपण चाळीस लग्नं जुळवली असं ते सांगत. मी एकदा त्यांना शेजारी बसवून गावं विचारली आणि मोजली, तर एकवीस भरली. त्यांतली दोन त्यांनी जुळवायच्या आधीच ठरलेली होती.

मी चिखलीच्या बाजारात मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन सांगायचं, एवढं माझं काम. विकणारा मालाची तारीफ करतो, घेणारा त्याच मालाला नावं ठेवतो, आणि दोघांचं बोलून झालं की मी आकडा सांगतो. तारिफीनं माल जड भरला किंवा नावं ठेवल्यानं हलका झाला, असं एवढ्या वर्षांत एकदाही घडलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले होते आणि लोक मला घरी येऊन विचारत की या नव्या मापात आपला फायदा झाला की तोटा. मी सांगे, माल तेवढाच आहे. हे उत्तर कोणालाच आवडत नसे.

कोणी काही पटवून द्यायला लागलं की मी मनातल्या मनात पेन्सिल काढतो. पत्र असलं तर खरीच काढतो. जे मोजता येईल त्यावर बरोबरची खूण. जे कोणाला तरी विचारून कळेल त्यावर टिंब. राहिलेल्या शब्दांवर रेघ. मामांच्या पत्रातलं ‘खानदानी’ गेलं, ‘सोन्यासारखं माणूस’ गेलं, ‘तुमच्या मुलीच्या पूर्वजन्मीच्या पुण्याईने’ ही अख्खी ओळ गेली. दोन पानांतून उरलं ते असं: गोठ्यात बारा बैल. धान्याची कणगी भरलेली. वावरात बारमाही विहीर. मुलगा मॅट्रिक, व्यसन नाही. घरात माणसं चार, त्यांत बाईमाणूस एकच, मुलाची आई. होकार-नकार महिन्याच्या आत कळवावा, कारण दुसरीकडूनही बोलणं आहे. या शेवटच्या वाक्यावर मी टिंब दिलं होतं, मग रेघ मारली. असं बोलणं प्रत्येक पत्रात असतं.

मुलीला एकोणीस पुरी झाली होती. त्या काळी आमच्यात हे वय जास्तच. आधी दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही माझ्या विचारपुशीमुळे गेली, असं बायकोचं म्हणणं होतं. एक माझ्यामुळे गेलं, हे मी मान्य करतो.

“ह्या वक्ती जास्त इचारू नका,” ती म्हणाली. “पोरगी हाये, तुरीचं पोतं नाई.”

“पोतं वापस करता येते,” मी म्हणालो. “पोरगी करता येत नाई. म्हनूनच इचारतो.”

ती उठून आत गेली. मुलगी आतच होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे आमच्याकडे न ऐकलेलं असं काही नसे.

रीतीप्रमाणे आम्ही घर पाहायला गेलो. मी, माझे थोरले भाऊ आणि मामा. ते गाव बुलढाण्याच्या पलीकडे, जिथून घाट खाली उतरायला लागतो त्या कडेला. बस फाट्यावर सोडते, पुढे पायी. थोरल्या भावांना कोणतंही घर पाच मिनिटांत पसंत पडतं. त्यांची परीक्षा एकच, चहा पितळी कपबशीत दिला की नाही. मी त्यांना वाटेतच विनंती केली होती, की आवडलं तरी घरी येईपर्यंत सांगू नका.

गोठा घराला लागूनच होता आणि त्यात खरोखर बारा बैल होते. मी दोनदा मोजले. भावांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. मग मी खाली पाहिलं. बैल ज्यांना बांधतात त्या खुंट्यांतल्या चार जुन्या होत्या, दाव्यानं घासून घासून मधे बारीक झालेल्या. आठ नव्या होत्या. त्यांची साल अजून निघाली नव्हती आणि ठोकलेल्या जागी भोवतालची माती मोकळी होती. दोन बैल दावणीकडे पाठ करून गल्लीकडे तोंड करून उभे होते आणि सारखी दावी ओढत होते. बैल आपल्या गोठ्यात असा उभा राहत नाही.

कणगी ओसरीच्या कोपऱ्यात होती, वरपर्यंत ज्वारीनं भरलेली. भावांनी मूठभर ज्वारी हातात घेऊन तिची तारीफ केली. मी कणगीच्या पोटावर बोटांनी टकटक केलं. भरलेल्या कणगीचा आवाज दाबलेला येतो. ही खालून साधारण एक हात भरलेली होती, मधे भुसा, आणि वर पुन्हा ज्वारी. बाजारात हेच करतात, फक्त तिथे पोतं असतं.

मुलाच्या वडिलांनी आम्हाला वावरात नेलं, मैल-दीड मैल चालून. विहीर होती. मी दगड टाकून पाहिला, दोर टाकून पाहिला. पंधरा हात पाणी, पौषाच्या शेवटी. चव घेतली, गोड. पत्रावर मी मनातल्या मनात बरोबरची खूण केली. पत्रातली ही पहिली गोष्ट सांगितल्याबरहुकूम निघाली होती.

परत येऊन ओसरीवर बसलो. मुलगा समोर बसला. चोवीस-पंचवीसचा, हाताला घट्टे, ओठ कोरडे, म्हणजे पान-तंबाखू नाही. मी विचारलं, “मॅट्रिक कितव्या बारीले?”

मामा घाईनं म्हणाले, “अहो, त्या साली पेपरच—”

“दुसऱ्या,” मुलगा म्हणाला. “पहिल्या बारीले गनितात गेलो.”

तेवढ्यात फाटकातून एक शेजारी आत आला. खांद्यावर दावं, डोक्याला फडकं. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही, सरळ गोठ्याकडे पाहून मुलाच्या वडिलांना म्हणाला, “झालं का पाहुन्याईचं? माह्यावाल्या जोडीले पानी पाजाची येळ झाली.”

मुलाचे वडील म्हणाले, “पाहुने बसेल हायेत अजून.”

“मंग तसं सांगाचं ना, बाप्पा.” तो आमच्याकडे वळून हात जोडून म्हणाला, “बसा, बसा. काई घाई नाई. मी घडीभरानं येतो.” आणि ओट्याच्या पायरीवरच बसला.

मी मुलाच्या वडिलांना विचारलं, “आपले किती?”

“चार,” ते म्हणाले. त्यांना फारशी लाज वाटलेली दिसली नाही. “बाकीचे गावचे. आमच्या गावात कोन्या घरी पोरगं पाहाले पाहुने आले का सारेच आनून बांधतात. मागल्या सालभरात माहे हे चार बैल तीन घरी बांधले गेले.”

“आन् कोनी तीन घरं एका दिवशी पाह्यले आले तर?”

पायरीवरचा शेजारी म्हणाला, “मंग बैलाईले लई चालनं पडते.”

भाऊ हसले. मलाही हसू आलं, ते मी दाबलं. नंतर विचार केला तेव्हा ध्यानात आलं की यात फसवणूक तशी फारशी नव्हती. आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना ही रीत ठाऊक होती. पाहायला येणारा बारा मोजतो आणि तीन-चार धरतो. बारा म्हणणाऱ्यानं चार म्हटलं असतं तर समोरच्यानं एक धरला असता. सगळे एकाच मापानं वाढवतात, सगळे एकाच मापानं कमी करतात, आणि शेवटी जो तो खऱ्या आकड्याच्या आसपास पोचतो. फक्त मधे बैलांची पायपीट होते.

घरी येऊन मी बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं. मला मान्य केलं पाहिजे की सांगताना मी खूश होतो. मी पेन्सिल घेऊन पत्र पुढे ठेवलं. बैल बारा नव्हे, चार. कणगी तिसरा हिस्सा. मॅट्रिक दुसऱ्या वेळी. विहीर खरी, पाणी गोड. मुलगा खरं बोलतो. वाढवलेलं सगळं काढून टाकलं तरी घर चांगलं उरतं, असं मी म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “माह्या बानं तुमच्या घरी सात बैल मोजले होते.”

माझ्या वडिलांकडे कधीच दोनांहून जास्त बैल नव्हते. मी थोरल्या भावांकडे पाहिलं. ते बाहेर गेले.

“त्याईनं घरी येऊन सांगतलं, दोन धरा,” ती म्हणाली. “मंग म्हनले, पोरगा मोजून बोलते, देऊन टाका.”

वीस वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विषय पुढे नेला. “मंग हो म्हनून कळवू?”

मुलगी दारात उभी होती. तिनं विचारलं, “बाबा, घरचं पानी कुठून आनतात?”

“विहीर हाये. सांगतलं ना. पंधरा हात पानी.”

“ते वावरात. मैल-दीड मैलावर, तुमीच म्हनले. घरी प्याचं, रांधाचं, धुन्याचं पानी कुठून?”

मला ठाऊक नव्हतं. मी त्या घरी दोन तांबे पाणी प्यालो होतो, जेवताना हात धुतले होते, पाय धुवायला बादली दिली होती ती वापरली होती. ते कुठून आलं हे मी विचारलं नव्हतं. दाराशी हंडे होते, हे आठवलं. किती, ते आठवेना. बैल मोजले, खुंट्या मोजल्या, कणगी वाजवून पाहिली, आणि हंडे मोजले नाहीत.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी इथे सरळ लिहितो. पत्रातली जी वाक्यं खोटी होती ती मी पकडली, आणि त्यांनी माझं काही बिघडवलं नाही. मला चुकवलं ते खऱ्या वाक्यानं. ‘बारमाही विहीर’ हे शब्द वाचले आणि पाण्याचं काम झालं असं मी धरून चाललो. मामांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं आणि मी ते दुसऱ्या प्रश्नाला लावून घेतलं होतं. शिवाय मी तपासलं ते त्यांनी मांडलं तेवढंच. बाजारात मी काट्यावर असलेला माल मोजतो. काट्यावर काय आणलं नाही ते विचारायचं माझं काम नसतं. घरात ते काम होतं, आणि ते मुलीनं केलं. कारण हंडा तिच्या डोक्यावर येणार होता.

“इचारून येतो,” मी म्हणालो.

“पुन्हा?” बायको म्हणाली. “मुलीचा बाप दोन बाऱ्या जाते काय कुठं? लोक काय म्हनतीन?”

“लोक तीन पट म्हनतीन. आपन तिसरा हिस्सा धरू.”

ती हसली नाही. पण मी निघालो तेव्हा तिनं भाकरी बांधून दिली.

बाजार बंद असतो त्या दिवशी मी कोणालाही न कळवता गेलो. फाट्यावरून गावात आलो आणि मुलाच्या घराच्या दाराशी उभं राहून बायका कुठल्या वाटेनं पाण्याला जातात ते पाहिलं. विहीर घाटाच्या उतारावर खाली होती. मी पावलं मोजत उतरलो. सहाशे दहा. वर चढलो तेव्हा सातशे पंचवीस भरली. चढावर पाऊल आखूड पडतं, म्हणून. आकडे मामांच्या पत्राच्या पाकिटावर लिहून घेतले आणि पुन्हा खाली गेलो, कारण बायकांना विचारायचं होतं.

विहिरीवर सात-आठ जणी होत्या. एक माणूस कागदावर लिहितो आहे, पावलं मोजतो आहे, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. एक म्हातारी म्हणाली, “साहेब, नळ येऊन राह्यला काय?”

मागच्या निवडणुकीत लाऊडस्पीकर लावलेली जीप गावात आली होती आणि घरोघर नळ देऊ असं सांगून गेली होती, हे मला मग कळलं. जीप कोणाची होती यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. नळाविषयी होतं.

“मी साहेब नाई, बाई. मले फक्त सांगा, दिवसाच्या खेपा किती होतात?”

“दहा,” एक जण म्हणाली.

“दहा काय सांगतं वं? पंधरा लिहा साहेब, पंधरा.”

“तुह्या घरी दोन मानसं अन् पंधरा खेपा? आंघोळीले हत्ती हाये का घरी?”

“तू गप्प बस. तुह्या तोंडानं नळ येनार नाई.”

“लेकुरवाळीच्या वीस होतात, तेही लिहा.”

मी काहीच लिहिलं नाही. आयुष्यभर लोकांनी मला वजन वाढवून सांगितलं ते मालाची तारीफ म्हणून. इथे कष्ट वाढवून सांगत होत्या. हेतू निराळा, माप तेच. त्यांना दोष द्यावा असं मला वाटेना. ज्याला आपण सरकार समजतो त्याला कोणी खरा आकडा सांगत नाही, कारण तोही तिसरा हिस्साच धरेल हे सगळ्यांना माहीत असतं.

तेवढ्यात मुलाची आई हंडा-कळशी घेऊन उतरली. तिनं मला ओळखलं आणि पदर सावरून उभी राहिली.

“पाहुने, इकडं कसे?”

मी बहाणा करायचा विचार केला होता. घाटाखाली कामाला निघालो होतो, असा. तो मला सांगता आला नाही. “पोरीनं इचारलं,” मी म्हणालो, “घरचं पानी कुठून आनतात. मले सांगता नाई आलं. म्हनून पाह्यले आलो.”

तिनं हंडा खाली ठेवला.

“तिनं इचारलं?”

“हाव.”

“बरं केलं. मी नव्हतं इचारलं.” मग ती म्हणाली, “सकायी चार, संध्याकायी तीन. उन्हाळ्यात अजून दोन. एक साल आटली होती, तवा इथून पुढं ओढ्यापर्यंत जावं लागत होतं. हरसाल नाई आटत.”

“सात.”

“सात. उन्हाळ्यात नऊ.” आणि मग, आवाज न बदलता, “सून आली का माह्या अर्ध्या होतीन. मले घाई त्याचीच हाये. तुमाले कोनी सांगतलं नसन, म्हनून सांगते.”

मुलाच्या ‘गनितात गेलो’ नंतर या स्थळाबद्दल मला कोणी सांगितलेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यात पेन्सिल लावायला जागा नव्हती. सांगण्यात तिचं नुकसान होतं आणि तिनं ते सांगितलं. मी तिला हंडा उचलून द्यायला पुढे झालो. बायका हसल्या. ती म्हणाली, “राहू द्या. इथं मानसं हात नाई लावत हंड्याले.”

बसमध्ये मी हिशेब केला. एका खेपेची जाऊन-येऊन पावलं तेराशे पस्तीस, सात खेपांची नऊ हजार तीनशे पंचेचाळीस. पाऊल दोन फुटांचं धरलं तर साडेतीन मैल. त्यातले निम्म्याहून जास्त डोक्यावर ओझं घेऊन आणि चढाचे. सून आल्यावर निम्मं तिचं. हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं, काही न वाढवता आणि काही न दाबता.

बायको म्हणाली, “सगळ्याच गावात बाया पानी भरतात.”

“हाव,” मुलगी म्हणाली. तिनं पाकीट घेतलं आणि आकडे पाहिले. मग विचारलं, “बैलगाडी रोज वावरात जाते?”

“जाते.”

“संध्याकायी येताना भरेल येते का रिकामी?”

“कधी गवत असते. कडबा असते. जास्त करून रिकामी.”

“तिथं पंधरा हात पानी हाये. गाडी रिकामी येते. मंग गाडीनं पानी काऊन नाई आनत?”

मी म्हणालो, “मानसं पानी नाई आनत. तशी रीत नाई.”

“बैल आनतीन,” ती म्हणाली. “मानसानं फक्त भराचं हाये.”

मी मामांना पत्र लिहिलं. रोज संध्याकाळी वावरातून गाडीवर दोन पिंपं पाणी घरी यावं. एका पिंपात चार खेपांचं पाणी मावतं, म्हणजे सात खेपा वाचून एक उरते. हे आत्तापासून सुरू व्हावं, मग सुपारी फोडू. दुसरं काही मागणं नाही. मामा पत्र घेऊन स्वतः आमच्याकडे आले. आधी पाणी प्याले, मग बोलायला लागले. आपल्या खानदानात अशी अट आजवर कोणी घातली नाही. गाव हसेल. पोरगी आल्यावर ते आपोआप होईल, सासू काय सुनेला मारून टाकते? शिवाय दुसरीकडूनही बोलणं आहेच. पाऊण तास बोलले. वाक्यं चांगली होती.

मी विचारलं, “गाडी पानी आनते का?”

“आनतीन ना. एकदा लगीन—”

“आज आनते का?”

“तुमच्याशी बोलनं म्हंजे,” मामा म्हणाले, “काट्याशी बोलनं हाये.” आणि निघून गेले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगी बोलत होती, पण कमी. मुदतीतले दहा दिवस राहिले होते. तिला तो मुलगा पसंत होता, हे मला बायकोकडून नंतर कळलं. गणितात नापास झाल्याचं त्यानं स्वतः सांगितलं, हे मी घरी बोललो होतो, तेव्हापासून.

सहाव्या दिवशी मामांचा निरोप आला की गाडी पाणी आणते आहे, येऊन पाहून जा. मी निघायची तयारी केली तर बायको म्हणाली, “तुमी नका जाऊ. तुमाले ते दोन पिंपं दाखवतीन अन् तुमी मोजून येसान. मी जाते.”

मुलीच्या आईनं जायची रीत तर अजिबातच नव्हती. ती शेगावला दर्शनाला जाऊन येते असं शेजारी सांगून निघाली, खरोखर दर्शन घेतलं, आणि परतीच्या वाटेवर त्या गावी उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली.

“पिंपं हायेत,” ती म्हणाली. “दाराशी ठेवेल, भरेल. ते तं मांडाले सोपं हाये. मी चुंबळ पाह्यली.”

चुंबळ म्हणजे हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चिंध्यांची वळी. पाणी भरणाऱ्या घरी ती सदा ओली असते. वाळायला तिला सवडच मिळत नाही.

“खुटीले टांगेल होती. संध्याकाय होती, अन् कडक वाळेल. हातात घेतली तर कडकड वाजली.”

“वाळवून टांगली असन,” मी म्हणालो. हे म्हणणं माझं कर्तव्य होतं.

“पिंपं मांडनारे मानसं होते,” ती म्हणाली. “चुंबळ पाह्यतात, हे मानसाईले कुठं ठाऊक?”

मी मुलीकडे पाहिलं. तिनं पाकीट जपून ठेवलं होतं, ते पुढे केलं.

“उन्हाळ्यात नऊ खेपा. दोन पिंपात आठ बसतात. नववी कोन आनन?”

हे मी लिहिताना पाहिलं नव्हतं. नऊ हा आकडा मीच तिला आणून दिला होता. मी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी मामांना नाही, मुलाच्या वडिलांना. दोन ओळींचं. बायकोनं ते टपालात टाकण्याआधी हातात धरून ठेवलं आणि म्हणाली, यावर त्यांनी नाही म्हटलं तर मी तुम्हाला जन्मभर बोलेन. मी म्हणालो, बोल. मुदतीचे दोन दिवस उरले होते.

उत्तर आलं ते पोस्टकार्ड, मुलाच्या हातचं. त्या काळी मुलानं मुलीच्या बापाला परस्पर लिहिणं बरं समजत नसत. पत्राला मायना नव्हता, ‘कृपा असावी’ नव्हतं. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि मोठ्यानं वाचलं:

‘तिसरे पिंप बुलढाण्याहून आणले. जुने आहे. खालून गळते. डांबर लावले, तरी गळते. पुन्हा लावतो. गावात हसतात.’

मी कशावरच रेघ मारली नाही. मारायला काही नव्हतं. बायको म्हणाली, “गळते म्हनून कोन लिवते सोयरिकीच्या पत्रात?”

मुलीनं कार्ड माझ्या हातून घेतलं आणि उभ्या उभ्याच वाचलं.

“खोटं लिवाचं असतं,” ती म्हणाली, “तर गळत नाई असं लिवलं असतं. हो म्हनून कळवा, बाबा.”